मुकं पैंजण

प्रभुलिंग सरांनी आक्काताईला पहिल्यांदा पाहिलं ते एका नेलकटरपायी.

सर शाळेतून निवृत्त झाले होते, हातात रिकामा वेळ होता, आणि घरातलं जुनं नेलकटर कुठल्याशा फटीत गडप झालं होतं. म्हणून ते महाद्वार रोडवरच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं पुठ्ठ्यावर लावलेलं चकचकीत नेलकटर पुढे केलं. सरांनी ते हातात घेतलं न घेतलं, तोच त्यांच्या खांद्यावरून एक खाकी बाही पुढे आली. बाहीतल्या हातानं नेलकटर काढून घेतलं, पालथं केलं, ट्यूबच्या उजेडात धरलं.

"पावणं, हे कुठनं आलंय म्हाईत हाय का?"

"दुकानातून," सर म्हणाले. सगळा जन्म प्रश्न विचारण्यात गेल्यामुळे उत्तरं द्यायचा सराव त्यांना राहिला नव्हता.

"आणि दुकानात कुठनं आलं? समुद्रातनं, बोटीत बसून. नखं कोल्हापूरची आणि ती काढायला एवढ्या लांबनं बोलवायचं व्हय?"

दुकानदार काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला, "आक्काताई, गिऱ्हाईक हाय माझं. सोड त्येस्नी."

"सोडतो की. मी काय धरून ठेवलंय?"

असं म्हणून तिनं सरांचं कोपर धरलं आणि त्यांना मागच्या बोळात नेलं. तिथे एक म्हातारा लोहार आणि त्याची बायको, दोघं मिळून विळे, अडकित्ते आणि नराण्या करत बसले होते. न्हाव्याकडे नखं काढायला असते ती नराणी. सरांनी ती लहानपणी शेवटची पाहिली असेल. आक्काताईनं सगळ्यांत धारेची नराणी निवडून त्यांच्या हातात ठेवली आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून निघून गेली. जाताना तिच्या खाकी सलवारीखाली पैंजण वाजत होतं, चांगलं भरदार, बैलगाडी चालल्यासारखं.

पुढचा महिनाभर सरांच्या अंगठ्याला पट्टी होती.

"री," त्यांची बायको नीलम्मा म्हणाली. ती निपाणीकडची, आणि नवऱ्याला हाक मारायला माहेरचा एवढा एकच कन्नड स्वर तिनं आयुष्यभर वापरला. "निवृत्त झाल्यावर माणसं वाचन करतात, फिरायला जातात. तुम्ही स्वतःला तासायला घेतलंय."

ती पट्टी पाहूनच आक्काताईनं दुसऱ्या भेटीत सरांना ओळखलं. ती कसबा बावड्यातच, सरांच्या मागच्या गल्लीत राहायची. एसटीत कंडक्टर होती. फाटकाशी थांबून तिनं अंगठा नीट बघितला आणि म्हणाली, "जमाय लागलंय की."

तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं सुरू झालं.

आक्काताई कांबळेला वस्तू पालथी करून बघायची सवय होती. सवय म्हणजे आपण डोळे मिचकावतो तशी. बादली, कुलूप, छत्री, बिस्किटाचा पुडा, पाहुण्याच्या हातातला चष्मा. काहीही समोर आलं की ती आधी पालथं करायची आणि कुठे केलंय ते वाचायची. गाव ओळखीचं निघालं की चेहरा उजळायचा. "इचलकरंजी," ती टॉवेलच्या टोकाला म्हणायची, बहिणीला हाक मारावी तशी. गावच लिहिलेलं नसेल तर ती वस्तू परत ठेवताना जरा हळहळायची. नीलम्माचा नवा मिक्सरही तिनं असाच पालथा केला होता. त्याच्यावर चटणीचं भांडं होतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं. स्वयंपाकघराच्या छतावर तो हिरवा नकाशा अजून आहे.

पण बावड्यात तिचं नाव झालं ते एका लग्नातल्या पंगतीमुळे. पंगत बसली, स्टीलची ताटं मांडली गेली, आणि सवयीप्रमाणे आक्काताईनं आपलं ताट उचलून पालथं केलं. शेजारच्या बाईनं ते पाहिलं आणि तिनंही केलं. तिच्या शेजारच्यानं कुजबुजत विचारलं, "खाली काय हाय?" कुणीतरी म्हणालं, नंबर चिकटवलाय, लकी ड्रॉ हाय. मग ते असं काही पसरत गेलं की वाढपी भाताची परात घेऊन आले तेव्हा हॉलमधली सगळी पंगत पालथी पडली होती, आणि नवरीचा मामा गुडघ्यांवर बसून आपल्या ताटाच्या तळावरचा आकडा मोठ्यानं वाचत होता. आक्काताई मात्र शांतपणे ताट सरळ करून भाताची वाट बघत बसली होती. तिला हवं ते तिनं वाचलं होतं.

सरांनी तिला एकदा विचारलं, हे वेड कुठून लागलं. तेव्हा ती पायरीवर बसून शेंगा निवडत होती.

"मालकांमुळं," ती म्हणाली. तिचा नवरा धोंडीराम शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतकाम करायचा. पंपांचे, इंजिनांचे भाग तो ओतायचा आणि ते कुठेकुठे जायचे. "एकदा माझ्या भावाकडं गेलतो. तिथं पाण्याचा पंप होता. ह्यांनी हात फिरवला आणि म्हटलं, हे माझ्या हातचं हाय. भाऊ म्हणाला, कशावरनं? तर वर नाव दुसऱ्याच गावाचं. हे काय बोलले न्हाईत. पण जेवले न्हाईत त्या दिवशी." तिनं एक पोचट शेंग बाजूला टाकली. "तवापासनं म्या बघतो. कुणी केलंय ते निदान एका माणसानं तरी बघावं की नको?"

धोंडीराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आर्यन शिकून एका कारखान्यात ड्रॉइंगं काढायला लागला होता. दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरलं, कागलच्या साक्षीशी.

साक्षी सीपीआर ह्या सरकारी इस्पितळाजवळच्या एका खासगी दवाखान्यात परिचारिका होती. दिवस भरायच्या आत जन्मलेली, तळहाताएवढी बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या विभागात. पहिल्यांदा घरी आली ती इतकी हळू चालत आली, की आक्काताई दाराकडे बघत बसली होती आणि साक्षी मागे उभी होती.

त्या दिवशी सर आणि नीलम्माही तिथेच होते. चहा झाला, पोहे झाले. दागिन्यांचा विषय आक्काताईनंच काढला. लग्न बुद्धविहारात, पांढऱ्या साडीत, साधं होणार होतं. पण सून घरात येताना तिच्या अंगावर चांदीचं काहीतरी सासूनं घालायचंच, असा तिचा हट्ट होता.

"मावशी, मला दागिन्यांची आवड नाही असं नाही," साक्षी म्हणाली. "पण कामावर कोपराखाली काही चालत नाही. गळ्यात घातलं तर वाकताना पेटीला लागतं. उरले पाय." तिनं मोबाइल पुढे केला. "मला हे आवडलंय. फक्त हे."

फोटोत एक पाय होता आणि पायात चांदीची एक बारीक साखळी. आक्काताईनं आधी मोबाइल पालथा केला, मागे वाचलं, मग सरळ करून फोटो पाहिला. चष्मा लावून पाहिला. मग काढून पाहिला.

"ह्यात घुंगरू कुठं हायत?"

"नाहीत."

"मग वाजतंय कशानं?"

"वाजतच नाही. वाजलं तर बाळं दचकतात. झोपली तरच त्यांचं वजन वाढतं."

"मग पैंजण घातलंय हे कळायचं कसं?"

"मला कळतं की, मावशी. माझ्या पायात आहे."

आक्काताईनं मोबाइल पुन्हा पालथा केला, पुन्हा सरळ केला. सरांनी तिला अशी गडबडलेली पहिल्यांदाच पाहिली.

आर्यन म्हणाला, "आई, हे बाहेरच्या देशात होतं. ऑनलाइन मागवलं की येतं."

तेवढं बोलायचा अवकाश, आक्काताई परत जागेवर आली. "बाहेरच्या देशात? चांदीचं? आणि हुपरी काय कुठं गेलीया व्हय? सगळ्या मुलखाच्या पायात हुपरी वाजती आणि आपली सून बोटीतनं पैंजण आणणार? न्हाय जमायचं. महिन्याभरात हुपरीतनं हेच आणून देतो."

"हेच?" साक्षीनं विचारलं. "म्हणजे काही जास्त नको मला."

"जसंच्या तसं. शब्द दिला."

कपबश्या आत नेताना साक्षी नीलम्माला जे बोलली, ते नीलम्मानं घरी येईपर्यंत पोटात ठेवलं, हे तिच्या मानानं पुष्कळ झालं. साक्षी म्हणाली होती, "काकू, हो सगळेच म्हणतात. साखरपुड्याच्या साडीला मी साधी किनार सांगितली. माझ्या घरचे सहाजण हो म्हणाले. साडी आली तर पदरावर हा एवढा मोर. मोराचं काही नाही हो. पण इथं आल्यावर मी बोललेलं तसंच ऐकलं जाईल, की त्यात प्रत्येकजण आपलं थोडं घालेल, ते मला ह्या पैंजणावरून कळणार आहे."

सरांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी आक्काताईला ते सांगून टाकलं. तिनं टिकिटाच्या मशिनचा पट्टा खांद्यावर चढवला.

"म्हणजे परीक्षा हाय म्हणा की."

"तसंच काहीसं."

"बरं झालं सांगितलंसा. दहावीला गणितात दोनदा गेलतो मी. तिसऱ्यांदा सुटलो." आणि ती छम छम करत ड्यूटीला निघून गेली.

रविवारी ती सरांना घेऊन हुपरीला निघाली. सोबत शिकलेलं माणूस असलं की कारागीर मान देतो, असं तिचं म्हणणं होतं. बसमध्ये ती प्रवासी म्हणून बसली खरी, पण तिला बसवेना. गोकुळ शिरगावपाशी तिनं एका म्हातारीला जागा करून दिली. पुढे दोन पोरांना दारातून आत ओढलं. त्यापुढच्या थांब्यावर तर ड्यूटीवरच्या कंडक्टरच्या आधी तिनंच दोन बेल दिल्या. तो तरुण कंडक्टर म्हणाला, "मॅडम, रजेवर हाय न्हवं तुमी?"

"हात रजेवर न्हाय," ती म्हणाली.

ज्ञानू अण्णांचं घर म्हणजे हुपरीतल्या शंभर घरांसारखं घर. पुढच्या सोप्यात कारखाना, मागे संसार. अण्णा बुटक्या मेजाशी मांडी घालून बसले होते. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, साखळीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले.

"हे अर्धवट हाय," ते म्हणाले.

"पुरं हाय," आक्काताई म्हणाली.

"घुंगरू?"

"न्हाईत."

"कैरी? पान? निदान अडकवायच्या फाशाला एक मणी?"

"न्हाय."

अण्णांनी आवाज खाली आणला. "पोरीच्या घरात दुखवटा हाय का काय?"

"दुखवटा न्हाय, लगीन हाय."

अण्णांना ते पटलं नव्हतं, पण बाईमाणूस एवढ्या लांबून आलंय म्हणून त्यांनी होकार दिला. त्यांनी समजावून सांगितलं की हुपरीत एक दागिना एका घरात होत नाही. तार ह्या सोप्यात ओढली जाते, कड्या धोंडुबाईच्या घरात जुळतात, जोड डाकायला शिवानंदकडे जातात आणि उजाळा गावाच्या त्या टोकाला. "सगळ्यास्नी फोटो दावतो," ते म्हणाले. "काळजी सोडा."

दोन आठवड्यांनी आक्काताईच्या हातात पुडी आली. तिनं ती सरांच्या ओट्यावर उघडली. पुडी उघडायच्या आधीच वाजली.

आत घुंगरं होती. एक नाही, दोन नाही, साखळी दिसू नये इतकी. नीलम्मा म्हणाली, "अय्यो, हे मारुतीच्या देवळात बांधायचं आहे का?"

त्यांनी फोनवर अण्णांना धरलं. मग उलगडा झाला. अण्णांनी साखळी अगदी साधी सांगितली होती आणि फोटोही दाखवला होता. पण धोंडुबाईला वाटलं, फोटो अर्धाच आलाय. घुंगरांच्या बारक्या कड्या अण्णा विसरले, म्हातारे झालेत बिचारे, आपणच लावून द्याव्यात. शिवानंदकडे साखळी गेली तर तिला नुसत्याच कड्या. त्याला वाटलं, घुंगरं वाटेत पडली, आता धोंडुबाईला बोलणी बसणार. त्यानं पदरची घुंगरं डाकून तिची लाज राखली. उजाळा देणाऱ्यांनी पाहिलं की फाशाजवळ दोन कड्या रिकाम्याच आहेत, तर त्यांनी तिथेही घुंगरं ओवली, शिवानंदचं नाव खराब होऊ नये म्हणून. तीन घरांनी आपल्या आधीच्या घराची चूक गुपचूप पोटात घातली होती, आणि चूक कुणाचीच नव्हती.

"माणसं चांगली हायत," आक्काताई फोन ठेवून म्हणाली. "हीच तर पंचाईत हाय."

दुसऱ्या वेळेला अण्णांनी तिन्ही घरांच्या दारात उभं राहून ओरडून सांगितलं, घुंगरू लावायचं नाही. नाही म्हणजे नाही. आणि खरोखरच दुसऱ्या पुडीत एकही घुंगरू नव्हतं. कैऱ्या होत्या. नाजूक, सुबक, प्रत्येक कैरीला देठ.

"घुंगरू नको म्हणालासा," धोंडुबाई फोनवर म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरं दुःख होतं. "कैरीचं कोण बोललं?"

तिकडे आर्यननं बोटीवरच्या पैंजणाचं पान मोबाइलवर उघडून ठेवलं होतं. महिना संपत आला होता. साक्षी काही विचारत नव्हती, आणि तेच आक्काताईला जास्त लागत होतं. तिनं एक दिवसाची रजा टाकली.

"सर, चला. ह्या खेपेला पैंजण एकटं सोडायचं न्हाय. मी संगं फिरणार."

त्या दिवशी हुपरीच्या गल्ल्यांतून जे गेलं, त्याला सरांना आजही नाव देता येत नाही. मिरवणूक म्हणावी तर मध्ये देव नव्हता, आणि वरात म्हणावी तर नवरी कामावर होती. सकाळी अण्णांनी तार ओढली. तार कापून आक्काताईच्या रुमालात आली आणि ती रुमाल छातीशी धरून धोंडुबाईच्या घराकडे निघाली, मागे अण्णा, मागे सर. तिच्या पायातलं पैंजण इतकं वाजत होतं की माणसं दारात येऊन बघायला लागली.

"काय हाय वो?" एकानं विचारलं.

"चांदी तपासायला कोल्हापुरातनं बाई आलीया," दुसऱ्यानं सांगून टाकलं. बघता बघता मागे आठ-दहा जण झाले.

धोंडुबाईनं कड्या जुळवल्या. काय हात होता तिचा. कडीत कडी अशी बसत होती की डोळ्यांना सांधा सापडू नये. शेवटची कडी बसली आणि तिचा डावा हात आपोआप, तिच्याही नकळत, घुंगरांच्या डब्याकडे गेला. आक्काताईनं डब्यावर पंजा ठेवला.

"गाडी फुल्ल हाय."

"एकच," धोंडुबाई म्हणाली. "कोपऱ्यात."

"उभ्यानं बी न्हाय."

"अगं, लहान हाय. अर्धं तिकीट."

"मावशी, अर्ध्या तिकिटाला बी जागा लागती."

धोंडुबाई हसायला लागली ती थांबेचना. मग ती पण पदर खोचून बरोबर निघाली, पुढची माणसं काय करतात ते बघायला. शिवानंदच्या दारात आक्काताई पायरीवरच उभी राहिली आणि स्टँडवर ओरडावं तशी ओरडली, "थेट गाडी हाय, मधे कुणी चढायचं न्हाय!" शिवानंदला आधीच सगळी बातमी लागली होती. त्यानं हात वर केले, घुंगराचा डबा बायकोच्या ताब्यात दिला, बायकोनं तो शेजारणीच्या ताब्यात दिला, आणि मगच फुंकणीला तोंड लावलं. तो जोड डाकत होता तेव्हा बाहेरची सगळी माणसं टाचा उंचावून त्याच्या हाताकडे बघत होती. सरांनी इतकी शांतता वर्गात फक्त तोंडी परीक्षेच्या दिवशी पाहिली होती.

उजाळ्याच्या घरात पोचेपर्यंत वीसेक माणसं झाली असतील. तिथल्या म्हातारीनं साखळी घासली, धुतली, पुसली, आणि तिनं नुसती मान वर करून बघायचा अवकाश, मागून चारपाच जण एकदम म्हणाले, "फुल्ल हाय."

जोडी घेऊन सगळे परत अण्णांच्या सोप्यात आले. अण्णांनी ती काळ्या मखमलीवर ठेवली. पावसाच्या पाण्याचा बारीक ओहोळ असावा तशी ती साखळी तिथे पडून राहिली. तिच्यात लपायला काही जागाच नव्हती. एक कडी जरी वाकडी असती तरी ती दिसली असती, आणि एकही वाकडी नव्हती. 

"अंगावर काय न्हाय," धोंडुबाई शेवटी म्हणाली. "पण बरं दिसतंय की."

अण्णा म्हणाले, "असं करायला हात लई धरावा लागतो." ते जोडीकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू एक खुळं हसू पसरत होतं.

आता फक्त पैसे देऊन निघायचं होतं. पण आक्काताई खाली वाकली. तिनं बोटानं साखळी पालथी केली.

"अण्णा, इथं आत, फाशाच्या मागं, गावाचं नाव उमटवता येईल का? बारीक. कुणाला दिसायचं न्हाय असं."

अण्णा खूश झाले. त्यांच्याकडे ठसा होता. तो त्यांनी फडताळातून काढला, पुसला, फाशावर टेकवला आणि हातोडी उचलली. सरांनी आक्काताईकडे पाहिलं. लग्नाची पंगत पालथी घालणारी ही बाई. तिनं जन्मभर सगळ्या वस्तूंच्या तळाशी जे शोधलं, ते आज तिच्या डोळ्यांदेखत उमटणार होतं. धोंडीरामच्या पंपावर जे नव्हतं ते.

"थांबा," आक्काताई म्हणाली.

हातोडी वरच राहिली.

"नको. काही जास्त नको म्हणालीया ती."

"अवो, नाव म्हणजे काय जास्त व्हय? आणि दिसणार बी न्हाय."

"तिला इचारलं न्हाय मी." तिनं ठसा हलकेच बाजूला सारला. "दिसत न्हाय म्हणून घातलं तर ते बी घालणंच की, अण्णा. मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय?"

अण्णांनी हातोडी खाली ठेवली. धोंडुबाई म्हणाली, "तुमीच उतरलासा की गाडीतनं," आणि सगळा सोपा हसला, आणि आक्काताई सगळ्यांत मोठ्यानं हसली, डोळे पुसत.

साक्षी दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून आक्काताईकडे आली. सर आणि नीलम्माही आले होते, नीलम्मा आत स्वयंपाकाला हात लावत होती. आक्काताईनं वर्तमानपत्राच्या कागदातली पुडी तिच्यापुढे ठेवली आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सरांनी तिचे हात पाहिले. ती टिकिटाच्या मशिनचा पट्टा विनाकारण गुंडाळत होती, सोडत होती.

साक्षीनं पुडी उघडली. हसली नाही. कडी न् कडी बोटांतून सरकवत पाहिली, मोबाइलमधल्या फोटोशेजारी धरली. मग पायात घातली आणि उठून आत स्वयंपाकघरात गेली. काही ऐकू आलं नाही. काहीच ऐकू आलं नाही, म्हणून सगळे कान देऊन बसले. मग आतून नीलम्माची किंकाळी आणि परात पडल्याचा आवाज आला. "अय्यो शिवा! कधी येऊन उभी राहिलीस गं पाठीशी?"

साक्षी हसत बाहेर आली. "काकू," तिनं मागे वळून सांगितलं, "मोर नाही."

मग ती खाली बसली, एका पायातली साखळी काढली आणि ती पालथी केली. फाशाच्या मागे बोट फिरवलं. तिथे सगळं गुळगुळीत होतं.

"मावशी, कुणी केलंय हे?"

आक्काताईनं पट्टा सोडला. "सांगू?"

"सांगा की."

ती सरळ उभी राहिली, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात थांबे सांगावेत तसं तिनं सांगितलं: तार ज्ञानू अण्णांची, कड्या धोंडुबाईच्या, जोड शिवानंदचे, उजाळा म्हातारीचा, गाव हुपरी. साक्षीनं ते परत तिच्याकडून वदवून घेतलं, आणि तिसऱ्यांदा स्वतः म्हटलं, काही न वगळता, काही न घालता. आर्यननं मोबाइलवरचं ते पान बंद केलं.

लग्नात पांढऱ्या साडीखाली ती साखळी कुणाला दिसली नाही. विहारात उपासिकांपैकी एकीनं विचारलंच, "सासूनं काय घातलं की न्हाय?" तर साक्षी म्हणाली, "घातलंय की," आणि चार घरांची नावं सांगून मोकळी झाली. धोंडुबाई लग्नाला हुपरीहून आली होती आणि तिनं आपलं नाव ऐकून शेजारणीला कोपरानं ढोसलं.

पहिल्या दोन पुड्यांतली घुंगरं आणि कैऱ्या आक्काताईनं वाया घालवल्या नाहीत. त्या सगळ्या तिनं आपल्या पैंजणाला लावून घेतल्या. आता ती गाडीत मागून पुढे येते तेव्हा झोपलेले प्रवासीही सुटे पैसे काढून तयार असतात.

साक्षीला बहुतेक रात्रपाळी असते आणि ती दिवसा झोपते. आक्काताई सध्या मुरगूडच्या गाडीवर आहे. दुपारी घरी आली की ती पैंजण दारातच काढते, चपलांशेजारी ठेवते आणि अनवाणी आत जाते.